दादांना बसलेली लाथ

माझा नवरा वर्तमानपत्र मागून वाचतो. शेवटचं पान, म्हणजे खेळाचं, चहाबरोबर. त्याच्या आतलं पान उरलेल्या चहाबरोबर. मग कप खाली ठेवतो आणि पेपरची घडी घालतो. बाकीच्या पानांवर जग बुडालं असलं तरी ते त्याला मी सांगायचं असतं. मी लिहिलेलं तर तो वाचतच नाही. आमच्या महिला मंडळाच्या अंकात माझा लेख छापून आला तेव्हा त्याने अंक हातात घेतला, वजन बघितल्यासारखा खालीवर केला, "छान आहे," म्हणाला आणि टीव्हीवर ठेवून दिला. त्यामुळे त्याच्याबद्दल लिहायला मला मोकळं रान आहे. समोर मी त्याला अहो म्हणते, कागदावर तो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढी सूट मिळायला हरकत नसावी.

सीझन असला की आमच्या चारकोपच्या घरात संध्याकाळी टीव्हीवर कबड्डी लागते. हल्लीची कबड्डी. रंगीत मॅट, डोळे दिपवणारे दिवे, पोरं बूट घालून खेळतात आणि त्याआधी त्यांचा लिलाव होतो. माझा नवरा गुडघ्याला पट्टा बांधून समोर बसतो आणि प्रत्येक चढाईला सोफ्यावरून अर्धा उठतो. कोणी पाहुणा आलेला असला की त्या बिचाऱ्याची सुटका नसते. मध्यंतर झालं की आवाज बारीक करून नवरा त्याला सांगतो, "हे सगळं ठीक आहे हो. पण आमच्या दादांसारखा उजवा कोपरा परत झाला नाही. उभ्या आयुष्यात त्यांना एकाच माणसाची लाथ बसली." मग तो थांबतो. पाहुण्याने "कोणाची?" असं विचारायचं असतं. तो नाही विचारत तोवर पुढची चढाई बघायची नाही, असा नियम आहे.

"आणि लाथ मारून तिथल्या तिथे माफी मागणाराही तोच एक," हे वाक्य माझं. ते मी चहा आणताना टाकते.

आता ही लाथ काय होती ते सांगायला हवं. त्या काळी कबड्डीच्या स्पर्धांत दोन गट असत. एक स्थानिक, म्हणजे गल्लीबोळातली मंडळं. दुसरा व्यावसायिक, म्हणजे कंपन्या आणि बँका. व्यावसायिक म्हटलं की आजच्या पोरांच्या डोळ्यांसमोर गाड्या आणि जाहिराती येतात. आमच्या वेळचा व्यावसायिक खेळाडू म्हणजे ज्याला कंपनीने हेल्पर म्हणून घेतलं आहे, पण त्याने कोणालाही हेल्प करू नये अशी अपेक्षा आहे, तो. माझा नवरा कांदिवलीच्या एका रंगाच्या कंपनीत पॅकिंग खात्यात होता. त्याने एखादा डबा पॅक केल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. सकाळी हजेरी लावायची, चहा प्यायचा, आणि कंपनीच्या मागच्या मैदानात जाऊन दुपारपर्यंत घाम गाळायचा.

आणि तो टेम्पररी होता. स्पर्धा संपल्या की त्याला ब्रेक द्यायचे, म्हणजे घरी बसवायचे, आणि पुढच्या स्पर्धा जवळ आल्या की निरोप पाठवून बोलवायचे. लग्न ठरवताना माझ्या वडिलांना सांगण्यात आलं होतं की मुलगा मोठ्या कंपनीत आहे. अधूनमधून नसतो, हे सांगायचं राहून गेलं.

आम्ही पार्ल्याला सासूसासऱ्यांबरोबर राहत होतो. एक खोली, एक स्वयंपाकघर, दीर, नणंद आणि वाऱ्याची दिशा बरोबर असली तर बिस्किटांच्या फॅक्टरीचा वास. नवराबायकोला एकमेकांशी काही बोलायचं असलं तर स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत यावं लागे. त्या चालण्यात आमचं ठरलं होतं की तो कायम झाला की चारकोपला वेगळं घर बघायचं. तेव्हा चारकोप म्हणजे रिकामे सेक्टर आणि खाडीचा वारा, लोक नाकं मुरडायचे. मला ते स्वर्गासारखं वाटत होतं, कारण तिथे दाराला आतून कडी असणार होती.

सीझनच्या सुरुवातीला पर्सोनेलच्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "एका तरी मोठ्या स्पर्धेत टीमला सेमीफायनलमध्ये ने. तुझं कायमचं काम झालं समज." बाकीची टीम आधीच कायम झालेली होती, त्यामुळे त्यांना हारजीत ही खेळाडू वृत्तीने घेता येत होती. लटकत होता तो आमचाच जीव. मी ही बातमी पोटात ठेवायला हवी होती. पण जानेवारीत हळदीकुंकवाला गेले आणि दहा घरी वाण घेता घेता दहा जणींना सांगून आले, की हे वर्ष आमचं आहे.

त्या वर्षाने आमची चांगलीच मजा बघितली. टीम प्रत्येक स्पर्धेत सेमीफायनलच्या दारापर्यंत जायची आणि दारातूनच परत यायची. कुठे एका गुणाने, कुठे पंचाच्या कृपेने. असं करता करता मे उजाडला आणि सीझनची शेवटची स्पर्धा राहिली, मुलुंडची. त्यानंतर पाऊस, मातीच्या मैदानांचा चिखल, आणि आम्हाला ब्रेक. मला तेव्हा दिवस भरत आले होते. सासूबाई म्हणाल्या, अशा अवस्थेत मॅचला कोण जातं? मी म्हटलं, मी जाते.

उपांत्यपूर्व सामना होता मुलुंडच्याच एका इंजिनिअरिंग कंपनीशी, आणि त्या कंपनीचे कोच होते दादा.

दादा म्हणजे पार्ल्यातल्या आमच्या मंडळाचे सर्वेसर्वा. मंडळ म्हणजे दोन चाळींच्या मधली मातीची जागा आणि एक पत्र्याची खोली. दिवसा दादा मुलुंडच्या कंपनीत नोकरी करायचे आणि संध्याकाळी परत येऊन आमच्या भागातल्या पोरांना बडवायचे. दोन्ही कामं त्यांनी सारख्याच निष्ठेने केली. माझा नवरा चड्डीची नाडी नीट बांधता येत नव्हती तेव्हापासून त्यांच्या हाताखाली. नाडी बांधायलाही त्यांनीच शिकवलं, असं तो अभिमानाने सांगतो. सासूबाईंना हे ऐकून काय वाटत असेल याचा विचार त्याने कधी केला नाही.

दादांचे नियम होते. मैदानात उतरताना माती कपाळाला लावायची. नखं कापलेली हवीत. आणि मोठ्या माणसाला पाय लागला की नमस्कार करायचा. आता कबड्डीत पाय लागणारच, पाय लावायलाच तर आत जायचं असतं. म्हणून दादांनी क्रम ठरवून दिला होता: आधी मध्यरेषा, मग नमस्कार. म्हणजे चढाई करणाऱ्याने लाथ मारून गुण घ्यायचा, परत आपल्या बाजूला यायचं, दम सोडायचा, आणि खेळ थांबला की ज्याला लाथ लागली त्याच्या पायाला हात लावून तो छातीला लावायचा. बाहेरचे लोक हे बघून हसायचे. पण आमच्या मंडळातल्या पोरांच्या हे इतकं अंगात भिनलं होतं की बसमध्ये कोणाच्या चपलेवर पाय पडला तरी चार जण एकदम वाकायचे.

खुद्द दादांच्या बाबतीत मात्र या नियमाची वेळच आली नव्हती. ते उजव्या कोपऱ्यात उभे राहत आणि त्यांना कुणाचा पाय कधी लागतच नसे. जवळ गेलेला पाय त्यांच्या हातात असे.

आता कोच म्हणून ते बाहेर खुर्चीत बसणार, एवढं आम्ही धरून चाललो होतो. पण मे महिना म्हणजे लग्नसराई. त्यांच्या टीममधले निम्मे लोक कोकणातले. कोणी भावाच्या लग्नाला गेला होता, कोणी मेहुणीच्या, आणि त्यांचा उजवा कोपरारक्षक स्वतःच्याच लग्नाला गेला होता, म्हणजे त्याला काही बोलताही येईना. शेवटी माणसं पुरी करायला चाळिशी उलटलेल्या दादांनी पुन्हा चड्डी चढवली. त्यांना मैदानाकडे येताना बघितलं आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा पडला. मी बांबूच्या गॅलरीसमोर खास माझ्यासाठी मागवलेल्या लोखंडी खुर्चीत बसले होते, तिथूनही तो पडलेला दिसला.

तो सरळ त्यांच्यापाशी गेला आणि वाकला. दादांनी त्याला खांद्याला धरून उठवलं.

"नीट खेळ," ते म्हणाले. "मैदानात मी तुझा कोणी नाय. समजलं ना?"

"हो दादा."

मला वाटलं, चला, नमस्काराचं काम आटोपलं. दिवसाला एक पुरे असतो. माझी ही समजूत किती भाबडी होती ते पुढे कळलं.

सामना सुरू व्हायच्या आधी सत्कार झाले. मुलुंडमध्ये त्या काळी ज्यांचा सत्कार व्हायचा राहिला होता त्या सगळ्यांचा त्या संध्याकाळी झाला असावा. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला नारळ, आणि त्या उकाड्यात प्रत्येक जण शाल अंगावर घेऊनच बसला. समालोचक नावाचा एक इसम माइक तोंडात धरल्यासारखा बोलत होता. "मुंबईच्या मातीत घडलेले हे मर्द मावळे," असं तो प्रत्येक खेळाडूबद्दल म्हणाला, त्यात केरळहून आलेला एक जणही होता. माझ्या शेजारी पर्सोनेलचे साहेब, त्यांनाही मिळालेली शाल घेऊन, येऊन बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "काळजी करू नका हो. आज आपलंच."

साहेब लोकांचं आपलंच म्हणणं कुठपर्यंत असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

सामना कसा झाला ते मी सांगू शकत नाही, कारण बराच वेळ मी डोळे मिटून होते. मला आवाजावरून कळत होतं. आपल्या बाजूचा ओरडा झाला की मी डोळे उघडायची, त्यांच्या बाजूचा झाला की मिटायची. दादा दम लागून गुडघ्यावर हात टेकत होते, पण कोपरा काही सोडत नव्हते. आमचे दोन खेळाडू त्यांनी घोट्याला धरून असे खाली बसवले की जणू पोरांना जेवायला बसवत होते. माझा नवरा त्यांच्या बाजूला जातच नव्हता. डावीकडून शिरायचा, डावीकडूनच परत यायचा. गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, उजवीकडे काय तुझा सासरा उभा आहे काय?"

शेवटी गुणफलकावर दोन्ही बाजूंचे आकडे सारखे झाले आणि एकच चढाई उरली. ती आमची होती. आणि ती करायला माझा नवरा आत गेला.

आता नीट सांगते, कारण यानंतरचं मी डोळे सताड उघडे ठेवून बघितलं. कोणालाही स्पर्श करून परत आला तर सेमीफायनल, नोकरी कायम, चारकोप, दाराला कडी. धरला गेला तर यातलं काही नाही. तो "कबड्डी कबड्डी" करत डावीकडे गेला, तिथे त्यांचे दोघे दबा धरून होते. मधे सरकला, तिथेही काही मिळेना. वेळ संपत आली तशी पब्लिक उभी राहिली. मग तो, आयुष्यात पहिल्यांदा, दादांच्या कोपऱ्याकडे गेला. दादा वाकून, हात पसरून उभे होते. तो त्यांच्यापुढे जरा घुटमळला, मग परत जायला म्हणून वळला आणि वळता वळता त्याचा उजवा पाय सणकन मागे गेला. खेळातले लोक याला बॅक किक म्हणतात. मला फक्त थप्प असा आवाज आला आणि दादांच्या बनियनवर, बरोबर छातीवर, मातीचं पाऊल उमटलेलं दिसलं.

मी उभी राहिले. साहेब उभे राहिले. मध्यरेषा त्याच्यापासून एका ढांगेवर होती. त्या अवस्थेत मीसुद्धा ती ओलांडली असती.

आणि माझ्या नवऱ्याने मागे वळून बघितलं.

आपण काय केलं, कोणाला केलं, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी एकदाच बघितलं होतं, त्याच्या हातून देवघरातला गणपती पडला होता तेव्हा. तो अख्खा वळला. तोंडाने "कबड्डी कबड्डी" चालूच होतं, कारण दम सोडायचा नाही हेही दादांनीच शिकवलेलं. आणि तसंच म्हणत म्हणत तो वाकला, उजवा हात पुढे केला आणि दादांच्या पायाला लावला. तो हात परत त्याच्या छातीकडे पोचलाच नाही. दादांनी मनगट धरलं. मग बाकीचे तिघे येऊन वर पडले आणि मला माझा नवरा दिसेनासा झाला.

"आणि हा खेळाडू," समालोचक माइकवर म्हणाला, "हा खेळाडू, मंडळी, हा नमस्कार करतो आहे!" मग त्याने माइक ठोकून बघितला. मर्द मावळ्यांच्या यादीत हे बसत नव्हतं.

आधी शिट्ट्या झाल्या, मग अख्खी गॅलरी हसायला लागली. ढिगाऱ्याखालून निघाल्यावर माझा नवरा अंग झटकून उभा राहिला आणि पुन्हा दादांच्या पाया पडला. या वेळी क्रम अगदी बरोबर होता. दादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याच्याकडे बघितलं नाही, आणि बनियनवरची माती न झटकता तंबूकडे चालते झाले.

"मिस्टरांवर संस्कार चांगले आहेत हो," साहेब मला म्हणाले आणि शाल सावरत निघून गेले. पुढच्याच सोमवारी त्या संस्कारांना ब्रेक मिळाला. या खेपेला बोलावण्याचा निरोप आला नाही.

मला राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. परत येताना बसमध्ये मी रडले, भांडले, आणि तो खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हणाला, "पण लाथ बसली ना गं. दादांना." मला त्याचं डोकं धरून खिडकीच्या गजावर आपटावंसं वाटलं. हे लिहिताना मी मऊ शब्द शोधत होते, मिळाला नाही.

पुढे मुलगी झाली. नवऱ्याने चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात नोकरी धरली, मग शेजारच्या गाळ्यात, मग समोरच्या. त्याने पॅकिंग शिकून घेतलं, खरोखरचं. कायम तो कुठेच झाला नाही. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी परीक्षा दिल्या आणि वांद्र्याच्या एका सरकारी कचेरीत चिकटले. चारकोपचं घर झालं ते त्यानंतर, आमच्या स्वप्नातल्या तारखेपेक्षा फारच उशिरा. दाराला आतून कडी आली तेव्हा ती लावण्याची हौस राहिली नव्हती. आमच्या घरात कायम असं माणूस एकच, ते म्हणजे मी, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू दिली नाही. तो खाली पडलेली किल्ली उचलायला वाकला तरी मी म्हणायची, "सांभाळून हं. मनगट धरेल कोणी."

तो हसायचा. मला वाटायचं, निर्लज्ज आहे.

दादांकडे दर गुरुपौर्णिमेला नारळ आणि पेढे घेऊन जाणं त्याने कधी चुकवलं नाही. त्याचे गुडघे बोलायला लागल्यापासून सोबत मीही जाते. गेल्या वर्षी गेलो तेव्हा मंडळाच्या मातीवर उभी राहिलेली इमारत पुरी झाली होती. तिच्या नावात क्रीडांगण असा शब्द आहे. जिथे पोरं माती कपाळाला लावायची तिथे आता गाड्या एकीवर एक चढवून ठेवतात. दादांना चाळीच्या बदल्यात सातव्या मजल्यावर घर मिळालंय आणि ते तिथून खालच्या गाड्यांकडे बघत बसतात. ऐंशी उलटली, ऐकायला कमी येतं, पण डोकं जागेवर आहे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्याच्या वर्षभर आधी वारल्या.

नवऱ्याने पाया पडून पेढा दिला आणि पेढा तोंडात विरघळायच्या आत विषय काढला. "दादा, आठवतं ना? मुलुंड?"

"आठवतं रे. कसा नाय आठवणार."

"तुम्हाला लाथ मारणारा मी एकटाच."

"एकटाच रे बाबा," दादा म्हणाले आणि नवरा असा फुलला की जणू पहिल्यांदाच ऐकतो आहे. मग दादांचा मुलगा त्याला नवी पार्किंग दाखवायला खाली घेऊन गेला. गाड्या बटण दाबून वर जातात हे बघायला माझा नवरा कुठेही जाईल.

आम्ही दोघंच उरलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "दादा, तेवढी एक लाथ सोडली तर या माणसाने आयुष्यात काही मारलं नाही."

दादांनी दाराकडे बघितलं. मग मला हाताने जवळ बोलावलं.

"ती पण कुठे मारली त्याने," ते म्हणाले. "मी दिली."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तू हळदीकुंकवाला आमच्या हिला सांगून गेलीस ना, याच्या नोकरीचं. ही सबंध सीझनभर माझ्या डोक्याशी, पोराला सांभाळा, पोराला सांभाळा. मी बाहेर बसलो असतो तर प्रश्न नव्हता. पण ते गाढव गेलं लग्नाला." दादांना त्या कोपरारक्षकाचा राग अजून होता. "शेवटच्या टायमाला हा माझ्यासमोर आला. मी म्हटलं, घे. छाती पुढे केली. एवढी." त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत छाती पुढे काढून दाखवली, बनियनच्या आत नुसती हाडं. "लाथ मार आणि पळ ना! रेषा ही इथे! तर हा शहाणा वळून माझ्या पाया पडतो!"

"मग धरलंत कशाला?" माझा आवाज चढला होता. इतक्या वर्षांचा प्रश्न होता तो.

"अगं, हातात मनगट आलं!" दादा माझ्याहून जोरात म्हणाले. "मनगट हातात आल्यावर हात काय विचारतो, कोणाचं आहे म्हणून? मी सोडायच्या आत बाकीचे पडले ना वर." ते दमले. थोडा वेळ खालच्या गाड्यांकडे बघत राहिले. "नमस्कार पण मीच शिकवला त्याला. आधी रेषा, हेही शिकवलं होतं. एवढंच कसं विसरला, ते मला अजून कळत नाय."

मी हसले की काय केलं मला आठवत नाही. हातात उरलेला पेढा मी तसाच गिळला. एकाने गुण दान केला, दुसऱ्याने दान घ्यायचं सोडून दात्याच्या पाया पडला, आणि या दोघांच्या थोर आचरणापायी मी पार्ल्याच्या त्या एका खोलीत किती वर्षं काढली! खूप दिवसांनी मला मुलुंडच्या बसमधल्यासारखा राग आला. आणि त्या रागातच माझ्या मनात पहिलं वाक्य तयार झालं, ते घरी जाताना नवऱ्याला ऐकवायचं. फार छान वाक्य होतं. तुमची ती लाथसुद्धा उसनीच होती, अशा अर्थाचं. इतकं धारदार माझ्याकडे याआधी कधी काही नव्हतं.

"त्याला सांगितलंत कधी?" मी विचारलं.

दादांनी मान हलवली. "दर वर्षी येतो. पेढा देतो आणि विचारतो. काय सांगू?"

तेवढ्यात नवरा वर आला. एक गाडी वर गेली, एक खाली आली, हे त्याने आम्हाला हातवारे करून दाखवलं. निघताना पुन्हा पाया पडला. दादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि या वेळीही त्याच्याकडे न बघता ठेवला.

रिक्षात बसताना त्याला माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. बाहेर बारीक पाऊस होता. रिक्षा हायवेला लागली. वाक्य जिभेवर होतं. मी त्याच्याकडे बघितलं. गुडघ्याला पट्टा, शर्टाला पेढ्याचा कण, आणि कुठल्याही गाळ्यात कायम न झालेला तो माणूस खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत स्वतःशीच हसत होता. या माणसाकडे स्वतःच्या मालकीचं काय आहे, असा मला प्रश्न पडला. घर माझ्या नोकरीचं. टीव्ही मुलीने दिलेला. एक लाथ होती.

"काय बोलत होते गं दादा, मी खाली गेल्यावर?" त्याने विचारलं.

माझं वाक्य तयार होतं. मी ते गिळलं. ते पेढ्यापेक्षा जड गेलं.

"म्हणाले, लाथ जोरात बसली होती," मी म्हटलं. "म्हणाले, अजून पावसाळ्यात छाती दुखते."

त्याचं हसू एकदम गेलं. "अरेरे," तो म्हणाला. मग भर हायवेवर, रिक्षात, त्याने वाकून समोरच्या हवेला हात लावला आणि तो हात आपल्या छातीशी नेला. या वेळी त्याचं मनगट कोणी धरलं नाही. मी माझा हात माझ्या मांडीवरच ठेवला.